म्हातारीला काय हवं होतं

१४ जानेवारी
संपादक रुचाचा पुण्याहून परत मेल. चोवीसला सकाळी पुस्तक छापायला जाणार, आणि हिची शंका अजून तीच! "प्रतापकाका, शेवटच्या प्रकरणात म्हातारी म्हणते, 'भुकेनं मेले रे.' आणि मुलगा धावत जाऊन घोंगडी आणतो? वाचक हसतील."

मूळ इंग्रजीत 'आयॅम स्टार्व्हड' असंच आहे. दहादा पाहिलं.

मॉड हेस्टविक. उत्तर इंग्लंडातल्या खेडुतांवर नऊ कादंबऱ्या लिहिल्या बाईनं, आज तिकडे कुणाला नावही माहीत नाही. मला ती लायब्ररीनं काढून टाकलेल्या खोक्यात सापडली. पहिलंच पान वाचलं आणि वाटलं, अरे, ही तर माझ्या आईसारखी बोलतेय! चार वर्षं ओक ट्री रोडवरच्या माझ्या किराणा दुकानात काउंटरमागे बसून मराठी केलं. गिऱ्हाईकानं हिंगाचा भाव विचारला की मी जिल्हा ओळखतो— हा कान कामाला आला.

बायको, शैला, म्हणते, "चुकलात तर सबंध ओक ट्री रोड हसेल हं." धीर देण्याची तिची पद्धत!

१६ जानेवारी
डोरोथीबाईंकडे गेलो. मॉडची मुलगी, वय ब्याण्णव, इथंच अमेरिकेत, आमच्या एडिसनच्या वृद्धाश्रमात. साठ वर्षं अमेरिकन बोलल्या, आता आईच्या गावची बोली परत यायला लागलीय. मी दिसलो की पहिलं वाक्य ठरलेलं— "आयॅम स्टार्व्हड, प्रॅटप!" म्हणून दर गुरुवारी थालीपीठ नेतो. आज तिळगूळही नेला. नेहमीसारखा एक घास, बाकी बाजूला. पोटाचं काही असेल का? नर्स म्हणाली, "शी ईट्स फाइन."

मुद्द्याचं विचारलं. म्हातारी स्टार्व्हड, मग मुलगा घोंगडी का आणतो? बाई खो खो हसल्या. "मग काय आणेल, डुकराची तंगडी?"

डोकं चालेनासं झालंय बिचारीचं.

१७ जानेवारी
घोंगडी काढली, भाकरी घातली. मॉडबाई, तुमची नजरचूक होती ती. रुचा खूश.

२० जानेवारी
खूश नाही मी. त्या बाईनं नऊ पुस्तकांत बादलीचा कानसुद्धा चुकीच्या बाजूला दाखवला नाही. आणि शेवटच्या पानावर चुकली? दुकानात आज दोघांना जिऱ्याऐवजी ओवा दिला. शैला म्हणाली, "आता ग्राहकांचाही अनुवाद करताय का?"

२३ जानेवारी
बाहेर बर्फ. बाईंच्या समोर जेवणाचं ताट चाटूनपुसून रिकामं, आणि तरी— "आयॅम स्टार्व्हड."

हात हातात घेतला. बर्फ! अंगातलं जॅकेट काढून त्यांच्या खांद्यांवर घातलं. बाईंनी गळ्यापर्यंत ओढून घेतलं, डोळे मिटले. "अबाउट टाइम! वर्षभर नुसतं खायला घालतोयस. आमच्या गावात स्टार्व्हड म्हणजे गारठलेली रे."

मॉडबाई, माफ करा. तुमची म्हातारी थंडीनं मरत होती आणि मी तिच्या हातात भाकरी दिली. माझी आई चुलीपाशी सरकत हेच म्हणायची की— 'लई काकडले रे.'

पुण्यात चोवीस उजाडलीय. पार्किंगमधून अकरावा फोन. रुचा, उचल ना!