रेघेअलीकडचा बंड्या

१६ नोव्हेंबर १९५८, रविवार

सकाळी बंड्याला घेऊन वडाळे तळ्याभोवती पळाले. पदर खोचून, केस सुटलेले. वाटेत शाळेतल्या दोन मुली भेटल्या, तोंडावर हात ठेवून हसल्या. उद्या वर्गात कवायतीला त्यांनाच पुढे उभं करीन, मग बघू.

पारशिणीचा, डॉलीबाईंचा, निरोप आला. ७ डिसेंबरला मुंबईत कुत्र्यांचं प्रदर्शन आहे, बंड्याला आणायचाच. दीड वर्षापूर्वी यांनी त्यांच्या नेऱ्याकडच्या बंगल्याची विहीर बांधून दिली, तेव्हा त्यांनी हे पिल्लू यांच्या हातात ठेवलं. अल्सेशियन, पण एक कान पडका. म्हणाल्या, "घेऊन जा. पण मी आधीच बोलते, मोठा झाल्यावर शोमध्ये आणायचा. फर्स्ट आला तर परत माझा, नाय तर कायमचा तुमचा." हे हो म्हणून आले. पडक्या कानाचा कुत्रा कुठला पहिला येतोय.

कान पाचव्या महिन्यात उभा राहिला. आता दोन्ही कान कसे देवळाच्या कळसासारखे. यांचं हिशेबाचं डोकं म्हणतात ते हे.

१९ नोव्हेंबर

उभं राहण्याचा सराव. मागचे पाय किंचित मागे, मान वर, आणि परक्या माणसाने तोंड उघडून दात पाहिले तरी हूं की चूं करायचं नाही. परका माणूस म्हणून यांना टोपी घालून अंगणात उभं केलं. बंड्याने टोपी चाटली.

जनाबाय उलव्याहून मासळीची पाटी घेऊन येते, शेजारच्या आळीत विकते. आमच्याकडे अंडंसुद्धा वर्ज्य, पण ती परसदारी थांबते ती बंड्यासाठी. आज म्हणाली, "वयनी, नुसत्या दूधभातावर याची हाडं कशी धरतील? मी सुके बोंबील आनते. तुमचे चुलीला लावायचं नाय, सासूबायला सांगायचं पन नाय." सा.बाई आतून म्हणाल्या, "मला ऐकू येतं हो जनाबाय." जनाबाय म्हणाली, "मंग बरं झालं, आता चोरी नाय."

बोंबलाचा तुकडा दाखवला की बंड्या असा उभा राहतो की दगडात कोरलेला वाटावा.

२४ नोव्हेंबर

शाळा अर्धी सुटली, लवकर घरी आले. ओटीवरूनच स्वयंपाकघरात कुणाशी तरी बोलणं ऐकू आलं. मला वाटलं शेजारच्या काकू. सा.बाई चुलीपुढे, सोवळ्यात. बंड्या दारात, रेघेच्या अलीकडे, पंजांवर हनुवटी टेकून.

ही रेघ त्यांची. कुत्रा घरात आला त्या दिवशी त्यांनी रांगोळीची चिमूट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवी ओढली. "हे जनावर याच्या अलीकडे. पलीकडे आलं की मी काशीला." रोज सकाळी न चुकता ओढतात. बंड्या ती कधीच ओलांडत नाही. आम्हाला कौतुक, चार माणसांना बोलावून दाखवतो.

तर त्या त्याला सांगत होत्या, "आज आमटीत मीठ जास्त झालं रे. तिला सांगू नको." आम्ही दोघं दिवसभर बाहेर. म्हणजे रोज हे असंच चालत असणार. मी चपला मुद्दाम आपटून मग आत गेले. आमटी खारट होती. भात थोडा जास्त घेतला.

६ डिसेंबर, शनिवार

बंड्याला आंघोळ. शिकेकाई नको, अंगाचा साबण. सा.बाई म्हणाल्या, "लग्नाला निघालाय जसा." त्यांनी एकदाही त्याला नावाने हाक मारलेली नाही. 'जनावर' नाहीतर 'तो'.

उद्या पहाटे भातगिरणीच्या लॉरीतून जायचं, ठाण्यावरून. पिशवीत ब्रश, पाण्याचं भांडं, बोंबील. पहिला येऊ नये असं वाटतं. शेवटचाही येऊ नये. दुसरा आला तर काय बहार. अशी प्रार्थना कुठल्या देवाला करायची?

७ डिसेंबर

नाही लिहवत. उद्या.

८ डिसेंबर

मोठं मैदान, तंबू, खुर्च्या, साहेबी टोप्या. रेशमासारखी कुत्री, त्यांच्याहून गुळगुळीत माणसं. माझ्या पिशवीला बोंबलाचा वास, एक मडम दोन खुर्च्या पलीकडे सरकून बसली. सरको. बंड्या त्यांच्यात उभा होता तेव्हा माझा ऊर भरून आला. खरंच कुणापेक्षा कमी नव्हता.

आमच्या अल्सेशियन वर्गाचं नाव पुकारलं. माझ्या पुढचे आत गेले. मी पट्टा धरून निघाले आणि पट्टा ताणला गेला. मागे बघते तर बंड्या बसलेला.

रिंगणाला भोवती फक्की मारली होती. पांढरी, आडवी, सरळ.

आपल्या घरची रेघ ती. तो पोरगा शहाण्यासारखा अलीकडे बसला होता आणि माझ्याकडे असा बघत होता, की बघ, मी कुठे ओलांडतोय? शाबासकीची वाट बघत होता. मी ओढलं. बोंबील दाखवला. लाळ गळली पण हलला नाही. लोक हसायला लागले. कुणी तरी इंग्रजीत म्हणालं, हा तर खेड्यातून बैलासारखा आणलाय. जज म्हातारा लष्करी माणूस, तो हसला नाही. हात हलवून पुढे गेला. आम्ही बाद.

डॉलीबाई म्हणाल्या, "कुत्रा तर एकदम सोजा, देखणा केलास, दीकरी. पण रिंगणातच नाय गेला तर मी काय बोलू? हा शो मी मोजत नाय. फेब्रुवारीत परत आण."

येताना लॉरीत बंड्या माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. त्याला काय माहीत आपण हरलो ते. त्याच्या मते तो जिंकलाच होता.

१० डिसेंबर

सा.बाईंना आज सगळं सांगितलं. ऐकताना त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "म्हणजे माझ्या रेघेपायी हसले त्याला."

हे म्हणाले, "आई, बरंच झालं. रेघ राहू दे. तो कधी रिंगणात जायचा नाही आणि कधी पहिला यायचा नाही. राहिला आपल्याकडे. सुंठीवाचून खोकला गेला."

मला तर हे ऐकून इतकं हलकं वाटलं. हेच मनात होतं, यांनी बोलून दाखवलं एवढंच.

सा.बाई तांदळातला खडा शोधत म्हणाल्या, "बाईंना शब्द दिलास ना? द्यायचा नव्हता तर तेव्हाच नाही म्हणायचं होतंस. आणि त्याला कुणी येडबंबू म्हणून हसलेलं मला चालायचं नाही. शिकवा त्याला ओलांडायला."

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही तसाच झाला असणार.

२१ डिसेंबर

अंगणात फक्कीची रेघ. बंड्या बसतो. मी पलीकडून हाक मारते, शेपूट हलवतो, बसतो. जनाबायने आज ओला बांगडा आणला, तोही पलीकडे ठेवून पाहिला. शेवटी बांगडा मांजराने नेला. जनाबाय म्हणाली, "तुमचेच घरचा हाय ह्यो. मेला तरी सोवळं मोडायचा नाय."

मी खूप चिडले. त्याच्यावर, मग स्वतःवर. ज्याला जे इतक्या मायेने शिकवलं ते त्याने विसरावं म्हणून मी त्याच्यावर ओरडतेय.

४ जानेवारी १९५९

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

जेवणं झाली होती. सा.बाईंनी चूल सारवली, भांडी पालथी घातली. मग स्वयंपाकघरात मधोमध पाट मांडून बसल्या, हातात तूप लावलेली पोळी. रेघ सकाळची तशीच. बंड्या तिच्या अलीकडे, रोजच्या जागी.

म्हणाल्या, "बंड्या, ये."

त्यांच्या तोंडून नाव पहिल्यांदा. बंड्याचे कान ताठ झाले. रेघेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. कण्हला. "ये म्हणते ना. मी ओढली, मीच म्हणतेय." एक पंजा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग पोट जमिनीला लावून, कान पाडून, थरथरत सरपटत पलीकडे गेला. रांगोळी त्याच्या पोटाला लागली. पाटापाशी जाऊन त्याने डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पोळी भरवली, डोक्यावरून हात फिरवला. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना सोवळ्यात माणसालाही शिवताना पाहिलं नव्हतं.

नंतर विहिरीवर जाऊन दुसऱ्यांदा आंघोळ केली. थंडीचे दिवस. मी पाणी तापवते म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे. त्यात काय."

दारामागे उभी राहून मी रडले. हे कुठे गेले म्हणून पाहिलं तर परसात शेवग्याकडे बघत उभे. शेवग्याला शेंगाही नव्हत्या.

१८ जानेवारी

'ये' म्हटलं की ओलांडतो. मी म्हटलं तरी, यांनी म्हटलं तरी. न म्हटलं तर बसून राहतो. अंगणातल्या रेघेवरून आता उडी मारून येतो, खेळ वाटतो त्याला. सा.बाई मात्र रोज दुपारी एकदा बोलावतातच. सराव म्हणून, म्हणतात. आणि रोज दुसरी आंघोळ.

१ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच आलो.

तेच मैदान, तीच फक्की. रेघेपाशी बंड्या थांबला. मागे कुणी तरी ओळखलं, हसू सुरू झालं. मी सा.बाईंसारखंच, हळू, "ये" म्हटलं. आला. मग काय पळाला. तळ्याकाठी पळतो तसा, लांब आणि हलका, मीच त्याच्यामागे फरफटले. जजने दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, पुन्हा पळवायला सांगितलं. नंतर आम्हाला बोट करून रांगेच्या टोकाला उभं केलं. मला वाटलं काढून टाकलं. ते पहिल्याचं टोक होतं.

मी हसले, चक्क मोठ्याने. पेला हातात आल्यावर अट आठवली. तोवर डॉलीबाईंनी मला मिठी मारली होती. "दीकरी, माझा बाप आज असता तर. त्याच्या कुत्रीचा पणतू हाय हा. पुढच्या रविवारी मोटर घेऊन येते."

लॉरीतून उतरलो. दारात सा.बाई उभ्या. "ओलांडली?" म्हटलं ओलांडली. "पहिला?" म्हटलं हो. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला त्याच्यावरून, आणि आत गेल्या.

५ फेब्रुवारी

शिकवण्यात लक्ष नाही. सा.बाई बंड्याला सांगत होत्या, तिकडे बाईंचं ऐकायचं, मोठ्या घरात हळू भुंकायचं. मी त्याचं पाण्याचं भांडं घासून ठेवलं. मग वाटलं ते नेतील कशाला, त्यांच्याकडे भांडी नसतील का. परत जागेवर ठेवलं.

८ फेब्रुवारी

सकाळी उठले तर सा.बाई पुढच्या दारात वाकलेल्या. स्वयंपाकघराच्या नव्हे, पुढच्या दारात, उंबऱ्याच्या आत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी रेघ, रोजच्याहून जाड. मी पाहिलं. त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. "चहा टाक," म्हणाल्या.

डॉलीबाई आल्या. मोटर दारात, हातात नवाकोरा कातडी पट्टा. "रेक्स, कम." त्यांच्याकडे तो रेक्स. बंड्या ओळखीने शेपूट हलवत धावला आणि रेघेपाशी बसला. त्यांनी बिस्किट दाखवलं. बसलेलाच. आत येऊन पट्टा बांधला, थोडं ओढलं, तो जमिनीवर आडवा झाला. त्यांनी लगेच पट्टा सोडला आणि ओटीवर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. ओढून नेणारी बाई नव्हे ती.

"दीकरी, तू बोलाव नी. तुझं ऐकेल."

मी तोंड उघडलं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. नाही निघालं. डॉलीबाईंनी यांच्याकडे पाहिलं, हे कौलं मोजत होते.

सा.बाई चहा घेऊन बाहेर आल्या, रेघेवरून पाय टाकून. कप डॉलीबाईंच्या हातात दिला. म्हणाल्या, "आमचा शब्द आम्ही पाळला, बाई. कुत्रा तुमचा, दार सताड उघडं आहे. त्याला ये म्हणायचं, एवढं मात्र शब्दात नव्हतं."

मला वाटलं आता भांडण. डॉलीबाई ओटीवरच्या खुर्चीत बसल्या. बशीत ओतून चहा प्यायल्या. "ही लाइन कोणी शिकवली ह्याला?"

"मी," सा.बाई म्हणाल्या.

"आणि ओलांडायला?"

"तेही मीच."

डॉलीबाई बंड्याकडे बघत राहिल्या. तो त्यांच्याकडे, मग सा.बाईंकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. कुणी तरी ये म्हणेल म्हणून. मग त्या उठल्या, सा.बाईंना नमस्कार केला आणि मोटरीत बसल्या. परत कधी येणार, येणार का, काही बोलल्या नाहीत. ना हो, ना नाही.

मोटर गेल्यावर पाहिलं, नवा पट्टा खुर्चीच्या हातावर. विसरल्या की ठेवला, देव जाणे. हे म्हणाले, पोस्टाने पाठवू या. सा.बाई म्हणाल्या, "पाठवायचा कशाला, खुंटीला लाव. त्यांना लागेल तेव्हा त्या येतील."

लावला. रेघ कुणी पुसली नाही. बंड्याला फिरवायला परसदाराने नेलं.