कृष्णाई हळदचा घरभेदी

१ मार्च, सकाळी ६
कृष्णाई हळद कंपनीचा शेअर : ३१२ रुपये. निवृत्तीच्या फंडाचे सहा लाख यातच. विजयमालाला सांगितलेलं नाही. बायकोला विजयानंतरच कळवावं. सांगलीत शिकणाऱ्या आमच्या क्रांतीच्या नर्सिंगच्या फीची शेवटची तारीख २० आहे, तेवढे शेअर विकून भरू. शिवाय सांगलीच्या ब्रोकरकडच्या सिद्धूने एका फॉर्मवर सही घेतली, आता पडून असलेल्या शेअरचं भाडंही मिळालं. ४१० रुपये! फौजेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं डोकं कुणाचं चाललं नसेल.

५ मार्च
२५५. सिद्धू म्हणतो, शॉर्ट सेलिंग. लोक शेअर उसने घेऊन विकतात, भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करतात. म्हणजे हा हल्लाच. विकणार नाही. पाठ दाखवायची नाही.

६ मार्च
प्रश्न : शत्रूला उसने शेअर पुरवतो कोण? कुणीतरी घरभेदी. सेबीला अर्ज लिहिला. आरोपीच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे.

९ मार्च
१९०. पहिल्या एसटीने साताऱ्याहून सांगली. मार्केट यार्डात टेहळणी. दोन व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवताना सापडले. जाब विचारला. हळदीचा सौदा पिढ्यान्‌पिढ्या असाच होतो म्हणाले आणि चहा पाजला. प्यालो. शत्रू गाफील राहतो.

१२ मार्च
१४८. भाकरी अर्धी टाकून उठलो. विजयमालाने विचारलं, पित्त झालंय का? हो म्हणालो.

१८ मार्च
९६. क्रांतीचा फोन. फीसाठी मॅडम रोज वर्गात उभं करतात. रडत होती. तात्पुरती माघार. उद्या सगळे विकतो.

१९ मार्च, दुपार
सिद्धू म्हणाला, "आवं मेजर, शेअर हायतच कुठं? तुमीच भाड्यानं दिलेत न्हवं? महिनाअखेरीला परत येत्याल."
कुणाला दिले?
"शॉर्टवाल्यास्नी. दुसरं कोण घेतंय?"
फॉर्म दाखवला. सही माझीच. फौजेत कारकुनाने केलेली पेन्सिलीची टिक दिसली की तिथे सही करायची सवय लागली, वाचतो कोण?

२० मार्च
विजयमालाला सांगितलं. "मला ईचारायचं तरी," एवढंच म्हणाली. गळ्यातली बोरमाळ पिशवीत घातली आणि ती मोडून क्रांतीची फी भरायला सांगलीच्या एसटीत बसली. स्टँडवर सोडायला नको म्हणाली. फार लाज वाटते.
अर्जातली कोरी जागा भरली. हवालदार जयराज निकम, निवृत्त.