दत्ताभाऊंना दाखवलेला ग्राफ

सोम., ३ फेब्रु.
जिंकले! पाचही मशीन्सची मेमरी खाली आणली. सकाळी ९१ टक्के भरलेली, दुपारी ४८. महिनाभर हेल्पलाइनवरच्या पाचही जणांचं एकच तुणतुणं, 'मॅडम, कॉम्प्युटर लई हळू चालतोय.' तिकडे शेतकरी फोनवर सांगतोय की कांद्याची पात पिवळी पडली, काय मारू, आणि इकडे फॉर्म उघडेना. बोरुडे सरांकडे जादा मेमरी मागितली तर म्हणाले, आहे त्यात भागवा आणि मला आकडा दाखवा. घ्या आकडा! एक छोटंसं सॉफ्टवेअर मिळालं, दर पाच मिनिटांनी मेमरी झाडून काढतं. ग्राफ धपकन खाली. बो. सरांनी त्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे, एक फुलांचा गुच्छ.
आईला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे आता तू वेळेवर घरी येणार का?' बास, एवढंच कौतुक.

बुध., ५ फेब्रु.
साळवेकाका आले होते. आमची मशीन्स तेच दुरुस्त करतात. आठवड्यातून दोनदा येतात आणि दोन्ही वेळा माझ्याशी भांडतात. ग्राफ दाखवला. वाटलं, आज तरी बरं बोलतील. डोंबलाचं बरं!
'ताई, एवढी मोकळी मेमरी घेऊन करायचंय काय? लोणचं घालायचंय?'
त्यांचं म्हणणं, मेमरी भरलेली आहे म्हणजे लागणारं सामान हाताशी आहे. माझं सॉफ्टवेअर झाडत-बिडत काही नाही, सगळं उचलून हार्ड डिस्कवर नेऊन टाकतं, आणि लागलं की परत तिथून ओढून आणावं लागतं. 'ओटा रिकामा दिसावा म्हणून दर पाच मिनिटांनी तेल-मीठ माळ्यावर टाकताय तुम्ही.'
मग मोजायचं तरी काय, म्हटलं. घड्याळ लावा, म्हणाले. बटण दाबल्यापासून काम होईपर्यंत किती सेकंद गेले, तो वेग. टक्केबिक्के सगळी रांगोळी.
मी म्हटलं, सेकंद माणसागणिक बदलतात, टक्का बदलत नाही.
'म्हणून तर तुम्हाला आवडतो तो.' चहा न घेता गेले. गेले उडत.

मंगळ., ११ फेब्रु.
दत्ताभाऊ टेबलाशी आले. दत्ताभाऊ गव्हाणे, शेवगावकडचे, हेल्पलाइनवर सगळ्यात जुने. जन्मापासून दिसत नाही. एका कानात शेतकरी, दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे त्यांच्याकडे, ते इतक्या वेगाने बोलतं की आम्हाला नुसती भुणभुण. त्यांना शब्द न् शब्द कळतो. सगळ्यात जास्त फोन घेतात तेच.
'म्याडम, आवाज मधीच अडकतोय जरा. आठ दिस झालं.'
मी कामात होते. त्यात साळवेकाकांचा राग डोक्यात होताच. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हटलं, 'हे बघा ना, अठ्ठेचाळीस टक्के! तुमचं मशीन आता एकदम मोकळं आहे.'
 मग म्हणाले, 'तुमी बगितलं ना, मंग झालं.' गेले.
संध्याकाळी कणीक मळताना लक्षात आलं, मी कुणाला काय दाखवत होते ते. अगं बाई! जीभ झडली कशी नाही माझी. आई विचारत राहिली, काय झालं, काय झालं. सांगितलं नाही.

बुध., १२ फेब्रु.
गेल्या गेल्या माफी मागितली. 'काल मी ते बघा, बघा म्हणाले...'
हसले. 'त्यात काय! मी बी म्हंतोच की, बगतो म्हनून.'
केवढं हलकं वाटलं. दुपारी दोघांना चहा सांगितला.
आवाजाचं विचारायचं राहिलं. उद्या.

गुरु., २० फेब्रु.
उद्या उद्या म्हणता आठवडा गेला.
बो. सरांना पंधरवड्याचा तक्ता हवा होता, कोणी किती फोन घेतले त्याचा. मीच काढून दिला. दत्ताभाऊ पहिल्या नंबरवरून थेट शेवटी. मला वाटलं माझी बेरीज चुकली. परत केली. चुकली नव्हती.
बो. सर खूश झाल्यासारखेच वाटले. 'मी आधीपासून म्हणत होतो, या कामाला डोळे लागतात.' १ मार्चपासून दत्ताभाऊंना शेवगावच्या केंद्रात टाकणार. 'त्यांच्या गावाजवळ आहे, त्यांचीच सोय.'
'पण सर, तिथे हेल्पलाइन नाही. काम काय करणार ते?'
'बसतील. आल्या-गेल्याला पाणी विचारतील.'
बारा वर्षं फोनवर पिकांचे रोग ऐकून लिहिणारा माणूस. पाणी विचारणार.
मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'बरं' म्हणून बाहेर आले. मनात जे येतंय ते खरं निघालं तर काय, याचीच भीती जास्त वाटली. स्वतःची लाज वाटते हे लिहिताना.

शुक्र., २१ फेब्रु.
खरं निघालं.
साळवेकाकांना घेऊन दत्ताभाऊंच्या खुर्चीशी गेले. म्हटलं, मला ऐकू द्या. त्यांनी एक इअरफोन दिला, आवाजाचा वेग माझ्यापुरता कमी केला. डोळे मिटून घेतले. आवाज चांगला चालला होता. गाव, तालुका, पीक... आणि मध्येच बंद. काही नाही. मला वाटलं वायर निघाली. साळवेकाका घड्याळ बघत होते. नऊ सेकंद.
नऊ सेकंद डोळे मिटून बसून बघावं कुणीही. तेवढ्यात दत्ताभाऊंच्या दुसऱ्या कानातला शेतकरी ओरडत होता, मला इकडे ऐकू येत होतं: 'हॅलो! ऐकताय का न्हाई? हॅलो!' दत्ताभाऊ त्याला समजावत होते, टाईप केलेलं उमटलं का नाही तेही कळत नव्हतं, म्हणून परत पहिल्यापासून. शेतकऱ्याने फोन ठेवून दिला.
दर पाच मिनिटांनी झाडू. एक फोन साधारण तेवढाच. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी. बाकी चौघांचंही मशीन अडकतंच, पण त्यांना स्क्रीनवर चक्र गोल फिरताना दिसतं, तेवढ्यात ते कागदावर लिहून घेतात, शेतकऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलतात. त्यांच्या तक्त्यात काही दिसलं नाही.
साळवेकाकांनी कागदावर फक्त '९' लिहिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
सगळे जेवायला गेल्यावर दत्ताभाऊंच्या मशीनवरून ते सॉफ्टवेअर काढलं. फक्त त्यांच्याच. बाकीची काढली असती तर पूर्ण ग्राफ वर गेला असता आणि बो. सरांनी विचारलं असतं. हे कारण मी आज इथे लिहून ठेवतेय, नंतर दुसरं काही आठवायला नको.

शनि., २२ फेब्रु.
दत्ताभाऊ सकाळपासून सुसाट. अकरा वाजेपर्यंतच कालच्या दिवसाएवढे फोन. पाणी प्यायला उठले तर मला हाक मारली.
'म्याडम, आज हात मोकळा झाला बगा! मला वाटलं हुतं आपलाच हात जड झाला. आता वय बी हुतंय. म्हनून मागल्या रविवारी घरी बसून सराव केला, जुना बंद पडल्याला कीबोर्ड हाय ना माझ्याकडं, त्याच्यावर. आख्खा दिस. कामाला आला म्हनायचा.'
आणि मी म्हणाले, 'छान!'
छान म्हणाले मी. बंद कीबोर्डवर हा माणूस दिवसभर बोटं आपटत बसला, माझ्या चुकीपायी, आणि मी त्याला शाबासकी देते! तोंडाशी आलं होतं. मागे बो. सर उभे होते म्हणून गिळलं. पण नंतर ते गेले की. तेव्हा का नाही?

मंगळ., २५ फेब्रु.
आज कहर.
बो. सरांनी बोलावून ग्राफ दाखवला. चार रेषा खाली आणि एकटी वर, नव्वदला. 'बघा मॅडम, गव्हाणेंचंच मशीन सगळ्यात जास्त मेमरी खातंय. ते बोलणारं सॉफ्टवेअर! माणूसही हळू आणि मशीनवरही भार.'
म्हटलं, 'सर, मेमरी वापरली म्हणजे मशीन हळू असं नसतं. उलट...'
'मग तुम्हीच तर हा ग्राफ घेऊन नाचत होतात!'
खरंच की. मीच. सोमवारी तो ग्राफ मुख्य कार्यालयात दाखवणार आहेत, वर माझं नाव. म्हणाले, तुम्हाला कंत्राटावरून कायम करायचा विषयही मी तेव्हाच काढतो.
परत 'बरं' म्हणून बाहेर आले. सहा दिवसांत दोन 'बरं' आणि एक 'छान'.
केडगावच्या रिक्षात दत्ताभाऊ शेजारीच होते, त्यांची खोली आमच्या पुढच्याच गल्लीत. त्यांना ऑर्डर मिळाली आज. म्हणाले, 'खोली सोडायला लागंल. नगरवरनं रोज शेवगावला कोन जातंय!' आणि पूर्ण रस्ता काठीची घडी घालत-उघडत राहिले. 

बुध., २६ फेब्रु.
आईला सगळं सांगितलं. शाळेत तीस वर्षं शिकवलंय तिने, वाटलं होतं समजावेल, जवळ घेईल. ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मला कशाला सांगतेस? मी कुठे त्याचा फोन कापलाय?'
राग आला. जेवले नाही नीट.

गुरु., २७ फेब्रु.
सांगितलं.
ऑफिसच्या मागच्या पायऱ्यांवर दत्ताभाऊ डबा खातात, तिथे जाऊन बसले. एका दमात सांगितलं. ते झाडणारं सॉफ्टवेअर, नऊ सेकंद, मी गुपचूप काढलं ते, 'छान' म्हणाले ते. त्यांनी भाकरी डब्यात ठेवली.
'मंजी सराव-बिराव काय न्हाई.'
'नाही.'
'आन मी तुमाला सांगाया आल्तो तवा?'
'तेव्हा मी ग्राफ दाखवला.'
 मी रडायला लागले. ते म्हणाले, 'रडू नका म्याडम, मला रडल्यालं दिसत न्हाई, नुसतं ऐकाया येतंय.' चेष्टा नव्हती ती. चिडले होते. मग म्हणाले, 'पाथर्डीकडची एक आजी हाय. लिंबाच्या झाडाचं इचारायची, दर आठ दिसाला फोन. आवाज अडाकला तवा दोनदा कटला तिचा. परत फोन न्हाई. तिला वाटलं आसंल, ह्यानंच ठिवला. तिचं काय करताय?'
 आजीचा नंबर शोधते म्हटलं.
'शोधा. आन जे मला सांगितलं ते कागदावर लिवा, सायबाला. तोंडी न्हाई. आधी मला मेलवर पाठवा. वाचून दाऊ नका, मी ऐकतो माझं मी.'
दुपारी साळवेकाका आणि मी घड्याळ लावून बसलो. दत्ताभाऊंच्या मशीनवर झाडू चालू असताना दहा फोन, बंद असताना दहा. सेकंद लिहून काढले. चालू करायला दत्ताभाऊंनीच सांगितलं, 'लावा. पुरावा तर पायजेल.' त्या दहा फोनांना कपाळावर आठ्या घालून तोंड देत राहिले. साळवेकाका निघताना म्हणाले, 'ताई, चहा सांगा.'

शुक्र., २८ फेब्रु.
रिपोर्ट सकाळी दत्ताभाऊंना मेल केला. त्यांनी दोन्ही कानांना इअरफोन लावला, मान खाली. भुणभुण चालू. दोन पानं ऐकायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसतील. मग बोलावलं.
'हितं म्हंताय, सॉफ्टवेअरमधील बदलामुळे विलंब झाल्याचे निदर्शनास आले. बदल कोनी केला?'
'मी.'
'मंग त्यात तुमी कुटं हाय?'
आणि खरंच, दोन पानांत मी कुठे नव्हतेच. मुद्दाम नाही लिहिलं तसं, देवाशप्पथ. सवयीने लिहिलं गेलं.
'आन मी तकरार केल्ती, ती?'
तीही नव्हती.
परत बसले. 'हा बदल मी केला. ११ फेब्रुवारीला श्री. गव्हाणे यांनी तक्रार केली, ती मी तपासली नाही. २१ तारखेला कारण कळूनही मी कोणाला सांगितले नाही. तक्त्यातील घट त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे. त्यांची बदली रद्द करावी.' पाचही मशीन्सवरून झाडू काढून टाकला. ग्राफ परत नव्वदला. परत दत्ताभाऊंना पाठवलं. ऐकलं, म्हणाले, 'आता धाडा.'
दुपारी तीनला बो. सरांना पाठवलं. त्यांनी उघडलेलं दिसतंय. उत्तर नाही. पाचला समोरून गेले, माझ्याकडे बघितलं नाही. सोमवारी कुठला ग्राफ नेणार कोण जाणे. माझं कायमपद तर गेलंच बहुतेक. जाऊ दे. जाऊ दे असं लिहायला सोपं आहे.
आजीचा नंबर सापडला. चार वेळा लावला, उचलत नाहीत.
रिक्षात दत्ताभाऊ शेजारी. उद्या सकाळी शेवगावची गाडी पकडायची का ऑफिसला यायचं, त्यांना माहीत नाही. सामान बांधलं का विचारलं. 'अर्दं,' म्हणाले. केडगाव आलं तरी मला राहवेना. विचारलं, 'दत्ताभाऊ, राग गेला का माझ्यावरचा?'
काठी उघडत म्हणाले, 'लगीच आकडा पायजे व्हय म्याडम?'
आणि उतरले. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत काठीचा आवाज येत होता, तोवर मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं.