नवरीची गाडी आणि म्हशीची सिरिंज

ती. शालीकराम भाऊजी यांस,

आमगावहून घनश्यामचा दंडवत. तुमचा गुडघा आता ऐकत असेल, ताई आणि प्रिया खुशाल असतील असे धरून चालतो. इकडे आम्ही बरे, आणि आमच्याहून गाडी बरी. पत्र त्याचसाठी. (फोनवर तुम्ही मधेच बोलता.)

परवा तुम्ही ताईला म्हणालात, "मामाच्या डब्याच्या भरवशावर पोरीची विदाई ठेवायची नाही, मी भाड्याची गाडी सांगून राहिलो." फोन स्पीकरवर होता. भाऊजी, भाचीला सासरी पोचवायचा मान मामाचा, आणि प्रिया लहानपणापासून याच गाडीत जाईन म्हणते. तेव्हा आधी दुखणे समजून घ्या.

गाडी काळा धूर सोडत होती आणि चढावर बसत होती. गोंदियाच्या टिकाराम मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोके घालून बराच वेळ शोधाशोध केली आणि म्हणाला, "काका, तुमचा कार्बोरेटर चोरीले गेला." ही १९७२ ची जर्मन गाडी इंजेक्शनवाली आहे, तिला कार्ब्युरेटर जन्मापासून नाही, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, "मंग आजवर चालली कशी?"

मी स्वतः बसलो. इंजिनला रबरी नळीने जोडलेला पेल्याएवढा एक डबा असतो, प्रेशर सेन्सर. इंजिन हवा किती जोराने ओढते हे तो पाहतो, त्यावरून पेट्रोल किती सुटायचे ते ठरते; ओढ कमी पडली की पेट्रोल जास्त. तो तपासायचा पंप आमगावात मिळत नाही. मी म्हशीला औषध पाजायची मोठी सिरिंज घेतली (साबणाने धुऊन), नळीला लावली, दट्ट्या ओढला आणि सोडला. सेन्सर चांगला असता तर दट्ट्या झटक्याने परत गेला असता. हा अर्ध्यातच रेंगाळला. म्हणजे आतल्या पडद्याला बारीक भोक. न उघडता सांगितले, भाऊजी.

तसा सेन्सर आता कोणी बनवत नाही. पण भोक बारीक आहे, म्हणजे कोणी सतत ओढत राहिले तर काम भागते. मी सेन्सरची नळी इंजिनपासून काढली, इंजिनकडचे तोंड बंद केले, नळी पुढच्या सीटपर्यंत आणली आणि तिला लावलेली सिरिंज आमच्या सौ. सुशिलाच्या हाती दिली. "काऊन, मी काय ढोरायची डॉक्टर आहो?" म्हणाली. पण सपाटीला ओढायचे आणि चढाला ढिले सोडायचे, हे तिला लवकर जमले. आता मी सांगायच्या आधी करते (शिकवले मी). धूर नाही, धक्का नाही. देवरी रस्त्यावर आम्ही एसटी मागे टाकली. (ती थांबलेली होती, पण टाकली.)

तरी भाड्याची गाडी आजच रद्द करावी.

तुमचा मेव्हणा,
घनश्याम

ता. क. विदाईचे रडणे मांडवातच उरकून घ्यावे. काल गाडीत प्रियाचा विषय निघाला, सुशिलाचे डोळे भरले, हात ढिला पडला आणि गाडी धुरात बंद पडली.

ता. क. २. सुशिलाला न रडण्याविषयी विचारले. म्हणते, "भाचीच्या विदाईत मामी रडणार नाही त काय सिरिंज ओढत बसन?"

ता. क. ३. भाड्याची गाडी रद्द केली असल्यास पुन्हा सांगावी. ती आमच्या पुढे चालू द्यावी, डिकीत जाड दोर असावा, आणि दोराला झेंडूच्या माळा गुंडाळाव्या. फोटोत प्रिया मामाच्याच गाडीत बसलेली दिसेल.