साक्षीदार क्रमांक सात, मयत

१० नोव्हेंबर, सोमवार

सहावा गेला. हॉटेलचा वॉचमन. स्कूटरवर होता, समोर म्हैस आली. म्हैस बरी आहे.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स माझ्याकडेच आला. येणारच. विक्की दिलदार खटल्यातल्या आधीच्या पाचही साक्षीदारांचे फ्लेक्स इतवारीतल्या याच दुकानात निघाले. लिफ्टमन हार्टनं गेला. मॅनेजर शुगरनं, तेही मेहुणीच्या लग्नात बासुंदीची चौथी वाटी संपवून. झाडूवाली डेंग्यूनं, ड्रायव्हर काविळीनं. शेजारच्या खोलीतले हेडमास्तर त्र्याऐंशीचे होते, त्यांना कारणच लागलं नाही. टीव्हीवाले म्हणतात — शापित खटला! लाल अक्षरं, मागे कवटी. ती कवटी माझ्याही कॉम्प्युटरमध्ये आहे, फुकट मिळते.

आता सात नंबर उरला. सात नंबर म्हणजे मी.

उत्तरानं संध्याकाळी माझी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका घरभर. ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हतीच. भीती आपली आपणच आणलेली.

११ नोव्हेंबर

एकदा लिहूनच ठेवतो. मेलो तर कागद तरी राहील.

नऊ वर्षांपूर्वी, २ डिसेंबरला विक्कीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊन तो उतरला होता त्या हॉटेलात, त्याच्या खोलीवर गेलो होतो. दुपारचे चार. तेव्हा प्रत्येक वरातीत त्याचंच गाणं. दारातच त्यानं फ्लेक्स उलगडला अन् म्हणाला, "मेरा फोटो छोटा कर दिया बे." मागे त्याच्या ट्रूपमधली हर्षा उभी होती, ती फसकन हसली. संध्याकाळी त्याच खोलीत पोरगी गळा दाबून मारलेली सापडली.

विक्की म्हणतो, मी त्या दिवशी गोव्यात शूटिंगला होतो. त्याला नागपुरात पाहिलेली सात माणसं होती. म्हणून तर सात साक्षीदार.

पोलिसांना सगळं सांगितलं. फोटो छोटा झाल्याचं तेवढं नाही सांगितलं. धंद्याची बदनामी.

हर्षाच्या आई सिंधूताई सक्करदऱ्याला राहतात. आधी हातमाग होता, आता शाळेत खिचडी शिजवतात. दर डिसेंबरला पोरीच्या पुण्यस्मरणाचा फ्लेक्स माझ्याकडून नेतात आणि एकच विचारतात, "तारीख लागली की बोलान नं, भाऊ?" मी म्हणतो, बोलीन. नऊ वर्षं म्हणतो आहे.

१३ नोव्हेंबर

पुष्करला मारावं का काय करावं! साळा आहे, उत्तराचा भाऊ, म्हणून डिझाइनर आहे.

वॉचमनच्या फ्लेक्सवर खाली 'शोकाकुल'च्या ओळीत माझा फोटो टाकायचा होता. त्यानं जुनी फाइल कॉपी केली आणि फोटो आदळले उलटे. वॉचमन खाली शोकाकुलांत हसतो आहे. वर हार घालून मी! नावसुद्धा — कै. ईश्वरदास पौनीकर.

सकाळपासून चौकात टांगलेला. दुपारी एक गिऱ्हाईक दुकानात येऊन मलाच विचारून गेलं, "कसे गेले हो?"

पुष्कर म्हणतो, "पन भाऊजी, फोटो तं मस्त आला नं तुमचा."

१४ नोव्हेंबर

फ्लेक्स उतरवायच्या आधीच घोळ झाला. हवालदार चंपतराव माझं समन्स घेऊन आले होते. ३ डिसेंबरला साक्ष. चौकात फ्लेक्स पाहिला, टोपी काढली, दोन मिनिटं उभे राहिले. मग पानठेल्यावर वही टेकवून लिहिलं — साक्षीदार मयत, फलकावरून खात्री केली. हे मला पानठेलेवाल्यानं सांगितलं. त्यानंही सही केली म्हणे.

उद्या जाऊन दुरुस्त करून येतो.

१५ नोव्हेंबर

नाही गेलो. सकाळीच टीव्हीवर माझी बातमी. सातवा बळी. माझ्यामागे तीच कवटी.

उमरेडहून सासरची मंडळी टेम्पो करून आली. मावससासूबाईंनी वेशीपासून रडणं धरलं होतं. दारात मी उभा दिसलो तरी थांबल्या नाहीत, मध्येच कसं थांबायचं. मग सगळे वडाभात खाऊन गेले.

कोणाला बाहेर बोलू नका म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत आहे. मेलेल्याला कोणी मारत नाही.

१८ नोव्हेंबर

मेल्यापासून झोप छान लागते.

२० नोव्हेंबर

विक्कीच्या फॅन क्लबची ऑर्डर आली. वाढदिवस आणि सुटका, दोन्हीच्या शुभेच्छा एकाच फ्लेक्सवर. वकील त्यांना म्हणाला, शेवटचा साक्षीदार संपला, तीन तारखेला केस कोसळणार. फोटो मोठा टाका, असं चारदा सांगून गेले. पुष्करनं ऑर्डर घेतली. मी मागच्या खोलीत.

 जेवताना उत्तरा म्हणाली, "लोक मले विधवा म्हणून राहिले अन् तुमी काहून हसून राहिले?"

मी हसत नव्हतो. तोंडच तसं झालं आहे हल्ली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सिंधूताई आल्या.

आवाज ऐकला आणि मी फ्लेक्सच्या रोलांमागे बसलो. पन्नास वर्षांचा माणूस, गुडघे कानाशी. गल्ल्यावर उत्तरा होती.

त्यांनी डबा आणला होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून झुणका-भाकर. उत्तरा म्हणाली असावी काहीतरी शापाबद्दल, तर सिंधूताई म्हणाल्या, "शाप कायचा वं बाई? कोर्टानं नऊ वर्सं लावले. इतक्या दिवसांत मानसं मरतीनच."

एवढं साधं! नऊ वर्षांत कोणत्याही टीव्हीवाल्याला सुचलं नाही. मलाही नाही.

मग म्हणाल्या, "हर्षाच्या फ्लेक्सवर अवंदा भाऊचाही फोटो टाकजा. तिच्या बाजूले, हार घालून. माह्या पोरीच्या बाजूनं बोलनारा शेवटचा मानूस होता तो."

 उत्तराच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. सिंधूताईंनी पाहिलं असणार. जाताना म्हणाल्या, "राहू दे वं कुंकू. लोकायच्या म्हनन्यावर पुसू नको."

त्या गेल्यावर उत्तरानं डबा माझ्यासमोर आदळला. खाल्ला. स्वतःच्या सुतकाची भाकर. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२६ नोव्हेंबर

हर्षाच्या फ्लेक्सची फाइल उघडली. बंद केली.

२७ नोव्हेंबर

पुन्हा तेच. समजा गेलो कोर्टात आणि पुढच्या आठवड्यात म्हैस आली तर? पुष्कर म्हणतो, म्हैस तशीही येऊ शकते. पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला.

२९ नोव्हेंबर

फ्लेक्स स्वतः बनवला. वर हर्षा, एकटी. नववे पुण्यस्मरण. तिच्या बाजूला माझा फोटो टाकला होता, हार घालून, जसं सांगितलं तसं. मग हार काढला आणि फोटो खाली ओढला, शोकाकुलांत. आईच्या नावाशेजारी. एवढंच काम. माउसचा एक झटका. त्याला सगळी दुपार लागली.

पुष्कर म्हणाला, खाली जागा मोकळी दिसते. मग फोटो मोठा केला. अजून मोठा केला. त्याखाली लिहिलं — ईश्वरदास पौनीकर, साक्षीदार क्रमांक सात, हयात. आणि मोबाइल नंबर.

१ डिसेंबर

कोर्टाच्या गेटसमोर लावला. त्याच खांबावर विक्कीचा वाढदिवस. तो वर, आम्ही खाली.

दोन तासांत चंपतराव समन्स घेऊन हजर. मला चिमटा काढून पाहिला. पुन्हा टोपी काढली, पुन्हा वही काढली. मी वाकून वाचलं — साक्षीदार हयात, फलकावरून खात्री केली.

२ डिसेंबर

सिंधूताई खांबापाशी आल्या होत्या. मला पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "डबा आनून द्या माहा."

३ डिसेंबर, बुधवार

शिपायानं जुन्या कागदावरून पुकारलं — मयत ईश्वरदास पौनीकर हाजिर हो! झालो. विक्कीच्या वकिलानं माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स पुरावा म्हणून आणला होता. म्हणाला, हा इसम कोण, कुठला, माझा अशील त्या दिवशी गोव्यात होता, याला जन्मात भेटलेला नाही. तेवढ्यात विक्की पिंजऱ्यातून ओरडला, "यही है वो! गेट पर खुद का फोटो इतना बड़ा लगाया, और उस दिन मेरा छोटा कर दिया था!"

 न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि टायपिस्टला म्हणाले, लिहून घ्या.