पोळ्याच्या दिवशी सोडलेला कासरा

मुक्काम मोखाडा, संस्थान जव्हार
ता. १६ सप्टेंबर १९१२

ख्रिस्तात प्रिय आणि मला वडिलांच्या जागी असलेले पूज्य मामा यांस,

भाचा नहेम्या आणि सूनबाई सगुणा यांचा सप्रेम सलाम. आपला गुडघा, मामींचा दमा आणि सिन्नरच्या देवळाचं गळकं छप्पर या तिघांची खुशाली कळवावी. तिघांसाठीही रोज प्रार्थना चालू आहे (छपरासाठी प्रार्थनेपलीकडे काही करावं अशी आपली अपेक्षा असल्यास ती सध्या आवरावी). इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. हे एवढं एक वाक्य खरेपणाने लिहिता यावं म्हणून पत्र इतके दिवस रखडलं.

झालं असं की श्रावण सरता सरता आमच्या रूथला हिवताप आला. इकडे पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही? पण थोरल्या सामुवेलला मागच्या पावसाळ्यात याच तापाने नेलं आणि त्याला आम्ही इथल्याच मातीत ठेवलं, हे आपण जाणताच. त्यामुळे पोरीने नुसतं ‘थंडी वाजते’ म्हटलं की मी तिच्या कपाळाला हात लावायला धावतो. आपण तेव्हा बजावलं होतं, ‘नहेम्या, तू चिंता देवाच्या हाती देतोस, पण मूठ सोडत नाहीस.’ ते बोलणं मी विसरलेलो नाही. रोज सकाळी मी चिंता देवाच्या हवाली करतो. मात्र दुपारी ती नीट ठेवली आहे ना, हे बघायला जातो, आणि गेलोच आहे तर घेऊन येतो. वर्गात मुलांना उद्याची चिंता न करणाऱ्या आकाशातल्या पाखरांचा दाखला देताना माझं लक्ष खिडकीतून घराकडे लागलेलं असायचं. सगुणा म्हणाली, तुम्ही पाखरांवर शिकवू नका, पाखरं घाबरतील. (तिची जीभ आपल्याला ठाऊक आहेच. आपणच स्थळ आणलं होतं.)

ताप उतरेना, तेव्हा पोरीला जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पहाटे उठून मिशनचा गाडीवान रघू याला गाडी जुंपायला सांगितलं, तर हा गडी दारात हात बांधून उभा. ‘मास्तर, आज पोळा हाय. आज बैलाच्या मानेवर जू नाय ठेवायचा. पोरीला माझ्या पाठीशी बांधा, मी चालत नेतो जव्हारला. पण बैल नाय जुपायचा.’ आता मामा, मी पडलो उपदेशक. पोळा पाळून गाडी थांबवली असं आपल्या मंडळीत कळलं तर तोंड कुठे लपवू? मी रघूला खऱ्या देवाविषयी बरंच ऐकवलं (तापलेली पोर पडवीत ताटकळत होती, हे नंतर सगुणेने ऐकवलं) आणि स्वतःच गाडी जुंपायला घेतली. मी त्याआधी गाडी कधी हाकली नव्हती. बैलांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं असेल ते असो, पण निघाले खरे.

बाहेर धुकं असं की गाडीत बसून बैलाची शेपटी दिसायची, शिंगं नाही. पाऊस बारीक लागून राहिलेला. मागे सगुणा पोरीला घोंगडीत घेऊन बसलेली, आणि पुढे मी, ‘हैक’ म्हणावं की ‘होऽ’ म्हणावं याची पंचाईत करत. असे आम्ही फाट्यावर आलो. एक वाट जव्हारकडे, एक खोडाळ्याकडे, आणि धुक्यात दोन्ही सारख्याच. विचारायला चिटपाखरू नाही, कारण सगळा मुलूख आपापल्या बैलांना आंघोळ घालण्यात गुंतलेला. तेव्हा मामा, आपलं बोलणं मला आठवलं. मी म्हणालो, प्रभो, आता मूठ सोडतो. वाट तू दाखव. आणि अक्षरशः कासरा सोडून दिला! इतकी शांती आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. प्रार्थना जरा लांबली. डोळे मी मिटूनच ठेवले होते. ते उघडले तेव्हा जव्हारचा राजवाडा दिसायला हवा होता, पण समोर कुडाची एक झोपडी होती, आणि एक बाई माझ्या बैलाच्या गळ्यात पडून रडत होती.

ही नवशी. हा पाडा सूर्यमाळच्या पायथ्याशी. आणि उन्हाळ्यात खोडाळ्याच्या बाजारात ज्याच्याकडून आपल्या मिशनने ही जोडी विकत घेतली, तो ढवळू तिचा नवरा. म्हणजे बैल सणाला आपल्या घरी आले होते! ‘बघ वं, माझा मोऱ्या आला! सण इसरला नाय!’ असं म्हणत तिने आधी बैलांचं जू उतरवलं, त्यांच्या खांद्यांना तेल चोळलं, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मी चिखलात उभाच. बऱ्याच वेळाने ढवळूचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो म्हणाला, ‘आणि मास्तर, तुम्ही पन आले?’

मी पोरीला बघायला धावलो. कपाळाला हात लावला, तर कपाळ घामाने ओलंचिंब आणि गार. मामा, खोटं का सांगू, क्षणभर मला भलतंच वाटलं. सामुवेलचं कपाळ आठवलं. तेवढ्यात रूथने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘बाबा, भूक लागली.’ किती दिवसांनी ऐकला हा शब्द! ढवळूच्या अंगणात बैलांपुढे गूळ घातलेला भात मांडला होता. त्या दिवशी बैल जेवल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. आमच्या कन्येने सरळ मोऱ्याच्या पानातला भात उचलून खाल्ला. मी ओरडणार, तोच नवशी म्हणाली, ‘खाऊ दे. त्यानीच आणलीय तिला.’ मोऱ्यानेही हरकत घेतली नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, आणि रडू थांबल्यावर मलाही भूक लागली.

ढवळूने त्या दिवशी बैलांना हात लावू दिला नाही, म्हणून मुक्काम करावाच लागला. दुसऱ्या दिवशी परत आलो. ताप पुन्हा आलेला नाही. रूथ आता भाकरीवरून भांडते, आणि ते भांडण ऐकत मी अंगणात उगाच बसून राहतो. नाताळच्या मेळ्यात मी ‘सोडलेला कासरा’ याच विषयावर उपदेश करणार आहे. आता मला कशाची म्हणून चिंता उरलेली नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
नहेम्या

ता. क. बैलासाठी मांडलेला भात उपदेशकाने खाल्ला तर चालतो काय? मी दोनदा वाढून घेतला. चालत नसल्यास उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

दुसरा ता. क. चिंता नाही, तरी हिवतापावरचं कोयनेल, जाडसर घोंगडी आणि रूथसाठी लोकरीची टोपी लवकर पाठवावी. आणि माझी सिन्नरला बदली व्हावी, हे मिशनच्या साहेबांच्या कानावर नुसतं घालून ठेवावं. बाकी सर्व देवावर सोडलं आहे.

मामांना सगुणेचा सलाम. लखोटा चिकटवायला माझ्याकडे दिलाय, म्हणून दोन ओळी लिहिते. कासरा यांनी सोडला नव्हता. तो हातातून गळाला. हे प्रार्थना करता करता झोपले आणि चांगले घोरत होते. पोरीच्या उशाशी कित्येक रात्री यांनी डोळ्याला डोळा लावला नव्हता. बैल वळले ते मला कळलं. यांना हलवून उठवणार, तोच रूथच्या कपाळाला घाम फुटलेला हाताला लागला. तीही शांत झोपली होती. मग मी कोणालाच उठवलं नाही. देवाला म्हटलं, माझी दोन्ही माणसं झोपलीत, आता गाडी तू हाक. मेळ्यात तुम्ही पुढच्या बाकावर बसाल, तर कृपा करून हसू नका. बदलीचं मात्र साहेबांना काही सांगू नका. सामुवेलला इथे एकटा ठेवून मी येणार नाही.