पाठ टेकणारी चटई

मंगळवार, बाजाराचा दिवस

बैलबंडीवरून पडल्यापासून आमच्या ह्यांची पाठ जमिनीला टेकत नाई. चांद्याच्या वैद्यानं रोज आसनं करा म्हटलं. पण सतरंजी शेणानं सारवलेल्या भुईवर सरकते, घरची बांबूची चटई टोचते. शेवटी आज बाजारात चटया विणणाऱ्या बुरडिणीपुढं तिचीच चटई अंथरून मीच आडवी झाली. ती हसली, "काऊन बाई, घरी जागा नाई का?"

म्हटलं, "पाठ नवऱ्याची दुखते. टोचली तर तुलेच परत आणून देईन."

तिनं मग बारीक विणीची काढून दिली.

घरी हे कुरकुरत चटईवर आडवे झाले. हळूहळू पाठ टेकली. पाय वर घ्या म्हटलं, तर घोरतच होते! किती दिवसांनी असे उताणे झोपले. मले धान कांडायचं होतं. मुसळ उचललं अन् परत ठेवलं. उद्या भात नाई झाला तर नाई.